चंद्रावर उतरलेलं विणकाम

(हातात चादर. माग चालू असल्याचा आवाज हळूहळू कमी होतो.)

नमस्कार मंडळी! ही बघा आपली सोलापुरी चादर. या बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर. आता उलटी करतो... पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. हा छापलेला नाही, विणलेला आहे. त्यामुळे कितीही आपटून धुवा, मोर जागचा हलत नाही.

आजचा विषय अंतराळ आहे. चादर चुकून आलेली नाही, मुद्दाम आणलीये.

अंतराळाच्या इतिहासातले टप्पे तुम्हाला पाठच असतील. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक, १२ एप्रिल १९६१ ला गागारिनची १०८ मिनिटांची फेरी, १९६९ ला चंद्र. स्पर्धा परीक्षावाल्यांनी इथंच व्हिडिओ बंद केला तरी माझी हरकत नाही. मला बोलायचंय ते अपोलो यानात बसवलेल्या एका पेटीबद्दल. वजन साधारण ३२ किलो. मुख्य यानात एक आणि चंद्रावर उतरणाऱ्या यानात एक. ही पेटी म्हणजे यानाचा कॉम्प्युटर.

आता आधी माग समजून घेऊ. चादरीवर मोर उठतो तो जकार्डमुळे. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते, त्या पत्त्यांना भोकं पाडलेली असतात. भोक आलं की त्या जागचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नाही आलं की तो खालीच राहतो. वर किंवा खाली, मधलं काही नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, पण हिशेब तोच.

अपोलोच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम असाच विणलेला होता. उपमा देत नाहीये हं, खरोखर सुई घेऊन विणलेला. बारीक चुंबकीय कड्यांची रांग, आणि त्यांच्यातून जाणारी तांब्याची तार. तार कडीच्या आतून गेली की १, कडीच्या बाहेरून गेली की ०. एकेका कडीपाशी १९२ तारांपर्यंतचा हिशेब. अशा ५१२ कड्यांचा एक ठोकळा, आणि एका कॉम्प्युटरला सहा ठोकळे. सगळं मिळून साठवण ७२ केबीच्या आसपास. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुलाबाचा फोटोसुद्धा याहून जड असतो.

हे विणायचं काम अमेरिकेत वॉल्थम गावातल्या रेथिऑन कंपनीत बायका करायच्या. त्यातल्या कितीतरी जणी कापडगिरण्यांतून आणि घड्याळाच्या कारखान्यातून आलेल्या. आणि आता गंमत ऐका. कुठली कडी समोर आणायची हे यंत्राला सांगायला भोकं पाडलेली टेप असायची! टेप पुढं सरकली की यंत्र नेमकी कडी समोर आणणार, बाई तिच्यातून सुई पलीकडं काढणार, परत पुढची कडी. आपल्याकडं एखादा धागा चुकला तर चादर सेकंडमध्ये, म्हणजे कमी दर्जाच्या मालात जाते. तिथली चूक थेट चंद्रावर गेली असती. एवढं करून इंजिनिअर लोकांनी या साठवणीला नाव काय ठेवलं, तर ‘म्हाताऱ्यांची मेमरी’. मला ते अजिबात आवडलेलं नाही.

आता २१ जुलै १९६९. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. सोलापुरात गिरण्यांची रात्रपाळी चालू असेल. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्राकडं उतरतायत आणि कॉम्प्युटर एकदम ओरडायला लागतो: १२०२. म्हणजे, बाबांनो, माझ्यावर कामाचा बोजा फार झालाय. एका रडारकडून नको असलेले सिग्नल येत राहिले आणि त्यातच त्याचा वेळ खर्च होत होता. पण कुठलं काम सोडायचं आणि कुठलं धरायचं, हे त्या प्रोग्रॅममध्ये आधीच ठरलेलं. कॉम्प्युटर स्वतःच पुन्हा सुरू झाला, किरकोळ कामं टाकून दिली, उतरण्याचं तेवढं धरून ठेवलं. हे अनेकदा झालं. प्रत्येक वेळी विणलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा. १ वाजून ४७ मिनिटांनी यान टेकलं. आर्मस्ट्राँगनं पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडं सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपोलो १२ वर तर पहिल्या मिनिटातच दोनदा वीज पडली. यानाची निम्मी यंत्रणा गांगरली, पण प्रोग्रॅम शाबूत. लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. लाईट गेली म्हणून चादरीवरचा मोर पुसला जातो का?

शेवटी हा फोटो बघा. १८ फेब्रुवारी २०२१, मंगळावर उतरणाऱ्या पर्सिव्हरन्स या अमेरिकन गाडीचं पॅराशूट. २१.५ मीटर रुंद, वर केशरी-पांढरे तुकडे, कसेही जोडल्यासारखे. पण त्यात ० आणि १ च्या भाषेत संदेश दडवलाय: मोठं धाडस करा. लोकांनी काही तासांतच तो ओळखला.

मी हा फोटो अक्कलकोट रोडला आमच्या ओळखीच्या एका काकांना दाखवला. सारा जन्म जकार्डवर गेलाय त्यांचा. संदेशाबिंदेशाचं मी काही बोललो नव्हतो. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला, बोटानं केशरी तुकडे मोजले आणि म्हणाले, “याचे पत्ते कुणी पाडले बे?”

म्हटलं, इयान क्लार्क नावाचा इंजिनिअर आहे, काका.

“पाडलेत व्हय? मग बरोबर हाय,” म्हणाले आणि मागाचं बटण दाबलं. त्यानंतर ते काय काय सांगत होते, ते या खडखडाटात मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. मान मात्र मी हलवत होतो.