मागच्या ॲक्सलवरून वाचलेली गोल्फ

मंडळी, पडद्यावर फोक्सवॅगन गोल्फच्या आठही पिढ्या एका ओळीत दिसताहेत. सगळ्यांची नजर मागच्या दारामागच्या त्या रुंद खांबावर जाते. तो खांब या गाडीचा चेहरा आहे हे खरंच, पण आज मी तुम्हाला गाडीखाली नेणार आहे, मागच्या ॲक्सलपाशी. शोरूममध्ये गिऱ्हाईक इंजिनाची ताकद विचारतं, ॲव्हरेज विचारतं, स्क्रीन केवढा ते विचारतं. मागचा ॲक्सल कोणता, हे कोणी विचारत नाही. म्हणून कंपनीचा खरा जमाखर्च तिथेच सापडतो.

सुरुवात 1974 पासून करू. फोक्सवॅगनच्याच बीटलने 17 फेब्रुवारी 1972 ला फोर्ड मॉडेल टीचा संख्येचा विक्रम मोडला होता, आणि तरी 1974 साली फोक्सवॅगनला 80 कोटी 70 लाख मार्कांचा तोटा झाला. मागे इंजिन, हवेवर थंड होणारं, डिकी नावापुरती. ही मांडणी संपत आली होती. तिच्या जागी पोर्शेकडून एक गाडी तयार होत होती, ईए 266. इंजिन पाण्यावर थंड होणारं, पण मागच्या सीटखाली आडवं झोपवलेलं. म्हणजे दुरुस्तीला आधी सीट उचला! फोक्सवॅगनचे नवे प्रमुख रुडॉल्फ लायडिंग यांनी 1971 मध्ये तो प्रकल्प बंद केला. तो निर्णय झाला नसता तर आज आपण इथे बसलो नसतो. मग आउडीकडचं पाण्यावरचं इंजिन, पुढच्या चाकांना ओढ आणि इटालियन डिझायनर जोर्जेटो जुजारो यांचा सरळ रेषांचा पत्रा, असा घाट ठरला. 29 मार्च 1974 ला जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात गोल्फचं उत्पादन सुरू झालं. लांबी 3,705 मिलिमीटर, चाकांमधलं अंतर 2,400. इंजिनं दोन, 1.1 लिटर 50 पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि 1.5 लिटर 70 पीएसचं.

इंजिन आडवं बसवल्यामुळे पुढची जागा वाचली. मागे मात्र काय करायचं? स्वतंत्र सस्पेन्शन महाग. सरळ दांडा स्वस्त, पण जड, आणि तो चाकांबरोबर वरखाली होतो म्हणून त्याच्यावर डिकीच्या तळात जागा सोडावी लागते. उत्तर निघालं ते ट्विस्ट बीम. त्याची गंमत कळायला ही पुठ्ठ्याची नळी बघा, कापडाच्या तागाच्या आत असते तशी. पिळून बघा, पिळली जात नाही. आता कात्रीने हिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चीर देतो. पुन्हा पिळा. फडकं पिळावं तशी फिरली! पण वाकवायला गेलात तर अजूनही बऱ्यापैकी ताठ आहे. बंद आणि उघड्या छेदातला हा फरक. गोल्फच्या मागे दोन हात, त्यांना जोडणारी अशी उघड्या छेदाची आडवी पट्टी. दोन्ही चाकं एकदम वर आली तर पट्टी नुसती फिरते. एकच चाक खड्ड्यात गेलं तर ती पिळली जाते आणि वळणावर गाडी कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारचं कामही करते. बॉडीला जोड फक्त दोन बुश, म्हणजे रबर बसवलेल्या नळ्या, आणि दोन शॉकअप. लाइनवर चार जागी पकडलं की ॲक्सल बसला.

पुढच्या बाजूचीही एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे रुंद मॅगव्हील घालणारे तिथे हमखास चुकतात. पहिल्या गोल्फचे ब्रेक तिरक्या जोडीने विभागलेले होते, पुढचा डावा आणि मागचा उजवा एका सर्किटवर, उरलेले दोन दुसऱ्यावर. एक सर्किट गेलं तर पुढचं एकच चाक ब्रेक लावणार आणि गाडी त्या बाजूला ओढणार. ते टाळायला स्टिअरिंगचा फिरण्याचा अक्ष जमिनीवर टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर टेकेल अशी भूमिती ठेवली. ब्रेक लागणारं चाक मग स्वतःच उलट्या दिशेला वळतं आणि ओढ बरीचशी मोडते. आता कमी ऑफसेटचं रिम घाला, चाक बाहेर सरकेल, टायरचा मध्य अक्षाच्या पलीकडे जाईल आणि हीच भूमिती उलटी होईल. एरवी जाणवणार नाही. एका बाजूचं चाक वाळूवर असताना ब्रेक दाबाल, तेव्हा स्टिअरिंग हातातून हिसकेल.

1976 साली दोन गोष्टी आल्या. जीटीआय ही गोल्फची वेगवान आवृत्ती, 1.6 लिटर, पेट्रोल इंजेक्शन, 110 पीएस, वजन 810 किलो, ठरवलेली संख्या 5,000. ती संख्या किती वेळा ओलांडली हे तुम्हाला माहीत आहे. आणि त्याच वर्षी 1.5 लिटरचं 50 पीएस डिझेल. माझ्या मते गोल्फचं पोट भरलं ते डिझेलने, नाव केलं जीटीआयने. पहिल्या पिढीचा शत्रू मात्र गंज. पोकळ जागांना पुरेसं मेण नव्हतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पेट्रोल भरायची नळी. ती आतून गंजते, कण टाकीत उतरतात, आणि इंजेक्शनवाल्या गाडीत पंप आणि इंधन वाटणारा फ्युएल डिस्ट्रिब्युटर दोन्ही खाऊन टाकतात. गाडी झटके देते म्हणून लोक इंजेक्टर बदलत बसतात. आधी ती नळी काढून आत टॉर्च मारा.

दुसरी पिढी ऑगस्ट 1983 ची. लांबी 3,985, चाकांमधलं अंतर 2,475, टाकी 40 वरून 55 लिटर. वोल्फ्सबुर्गच्या हॉल 54 मध्ये अंतिम जुळणीत रोबो आले. बाहेरून गाडी नुसती फुगलेली वाटते. खाली बघा. ट्विस्ट बीमला एक जन्मजात खोड आहे. वळणावर बाजूचा जोर आला की रबरी बुश दबतात, अख्खा ॲक्सल किंचित तिरका होतो, आणि मागची चाकं वळणाच्या बाहेरच्या दिशेला बघू लागतात. गाडीची शेपटी बाहेर जायला बघते. दुसऱ्या पिढीत बुश तिरके बसवले आणि त्यांच्या रबराचा आकारच असा केला, की बाजूचा जोर आल्यावर ॲक्सल उलट दिशेला सावरतो. नवा भाग एकही नाही, फक्त दोन बुशांचा आकार बदलला. या आठ पिढ्यांमधली मला सगळ्यात आवडणारी अभियांत्रिकी हीच.

तिसऱ्या पिढीवर फार थांबत नाही. 1991 ची. एअरबॅग आल्या, 1993 ला टीडीआय हे टर्बो डिझेल आलं, सिलेंडरांच्या दोन रांगांत 15 अंशांचा कोन असलेलं सहा सिलेंडरचं व्हीआर6 एकाच हेडखाली बसवलं. ॲक्सल तोच. त्या वर्षांत खरेदीत कात्री फार चालली आणि पत्र्याने ते पुढे गंजून दाखवून दिलं.

चौथी पिढी, 1997, आपल्या घराजवळची आहे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्र्यात जुळलेली पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया याच प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे खालच्या सामाईक सांगाड्यावरची. आउडी ए3, सेआट लिऑन, नवी बीटलही त्याच कुटुंबातल्या. पत्रा पूर्ण जस्ताचा, गंजावर 12 वर्षांची वॉरंटी. मागे अजून ट्विस्ट बीमच, पण स्प्रिंग शॉकअपवरून काढून वेगळी खाली बसवली. डिकीतले दोन उंच उंचवटे त्यामुळे कमी झाले.

या पिढीचं 1.9 टीडीआय 90 पीएसचं इंजिन अजून आपल्या रस्त्यांवर आहे, म्हणून टायमिंग बेल्टचं नीट सांगतो. टेबलावरचा हा वॉटर पंप बघा. याचा पंखा प्लास्टिकचा आहे. तो शाफ्टवर सैल झाला की पंप फिरतो, पाणी फिरत नाही, आणि बाहेरून काहीच गळत नाही. म्हणून बेल्टबरोबर पंप, टेंशनर आणि रोलर बदलायचेच, आणि पंप धातूच्या पंख्याचा घ्यायचा. सुरुवातीच्या या इंजिनांना 90,000 किलोमीटरच्या आसपास हे काम येतं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग हेड उतरवण्याला पर्याय नाही.

गिअरबॉक्सच्या खिडकीतून फ्लायव्हीलची खूण जुळवा. हेडच्या टोकाचा व्हॅक्यूम पंप काढा, मागे कॅमशाफ्टला एक खाच दिसेल. तिच्यात लॉकची पट्टी घाला आणि दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या फिलर पट्ट्या सरकवून खाच हेडला समांतर करा. डिझेल पंपाच्या चक्राला पिन घाला. इथपर्यंत बहुतेक जण बरोबर करतात. पुढची पायरी गाळतात. कॅमच्या चक्राला जागा पक्की करणारी चावी नसते, ते नुसतं निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं. त्याचा बोल्ट सैल करून, मागच्या कव्हरच्या भोकातून ड्रिफ्टने, म्हणजे धातूच्या दांड्याने, एक टोला मारून ते मोकळं करावं लागतं. चक्र मोकळं ठेवून बेल्ट चढवा, टेंशनरची खूण जुळवा, त्याचा नट 20 न्यूटन-मीटरला आवळा, मगच कॅमचा बोल्ट 45 ला. चक्र मोकळं न करता बेल्ट चढवला, तर बेल्टच्या दोन बाजूंचा ताण सारखा होत नाही आणि कॅम थोडा पुढे-मागे राहतो. गाडी चालू होते, पण थंडीत धूर काढते. मग इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. स्टार्टर मारून बघू, असं कोणी म्हणालं तर त्याला चहाला पाठवा.

आता 2003, पाचवी पिढी. 1998 मध्ये फोर्ड फोकस मागे मल्टिलिंक घेऊन आली होती आणि वळणांवर गोल्फला लाज आणत होती. फोक्सवॅगनने उत्तर म्हणून प्रत्येक मागच्या चाकाला चार दांड्या दिल्या. लांबीच्या दिशेचा एक पातळ पात्यासारखा हात, तो ब्रेकचा जोर घेतो पण बाजूला लवतो. आडव्या तीन, त्या चाकाचा कोन सांभाळतात. वळणावर पकड आणि खड्ड्यावर आराम हे पहिल्यांदाच वेगवेगळे जुळवता आले. गाडी उत्तम झाली आणि बांधायला महागही. 2004 च्या सुरुवातीला जर्मनीत खप वाढवायला एसी फुकट द्यावा लागला.

गॅरेजच्या बाजूने मात्र ॲक्सल म्हणजे दोन बुश, हा हिशोब इथे संपला. ट्विस्ट बीमला मागे अलाइनमेंट बसवताच येत नाही. आकडे चुकले तर काहीतरी वाकलंय एवढाच त्याचा अर्थ. मल्टिलिंकला कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाक आत-बाहेर बघण्याचा कोन) दोन्ही बसवता येतात, मध्यापासून बाजूला भोक असलेल्या वॉशरच्या बोल्टने. तेच बोल्ट बुशाच्या लोखंडी नळीत गंजून जाम होतात. जोर केला की तुटतात, मग बोल्टसकट दांडी कापून काढायची. आधीच्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि नवे बोल्ट हाताशी ठेवा. क्रम चुकवू नका. आधी मागचं कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढचं.

आणि आवळताना चाक लटकतं ठेवू नका. बुशाचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लटकत असताना आवळलंत, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. लिफ्टवर घेण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून खडूने लिहा. सगळे बोल्ट नुसते धरून ठेवा, जॅकने हब त्याच अंतराला उचला, मग आवळा.

सहावी पिढी 2008 ची. खाली पाचवीच, वर बांधायला सोपा केलेला पत्रा आणि आतला माल अधिक चांगला. दोन दुखणी याच काळात वाढली. 1.4 टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाची टायमिंग चेन लांबते. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड आली तर ऐकून सोडू नका. उतारावर नुसती गिअरमध्ये अडकवून गाडी लावणं तर टाळाच, लांबलेली चेन दात सोडू शकते. दुसरं, 250 न्यूटन-मीटरपर्यंतचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्येही तो आपल्याकडे होता. सिग्नलला ब्रेक हलका ठेवून गाडी इंचाइंचाने सरकवत राहणं म्हणजे क्लच तव्यावर ठेवणं. पूर्ण थांबा, ब्रेक दाबून धरा, आणि जागा झाली की सरळ निघा.

2012 ची सातवी एमक्यूबी या नव्या सामाईक प्लॅटफॉर्मवर आली. पुढच्या ॲक्सलपासून पेडलपर्यंतचं अंतर सगळ्या गाड्यांना एकच, इंजिनं सगळी 12 अंश मागे कललेली. लहान पेट्रोल इंजिनांतली चेन गेली, बेल्ट परत आला. आणि मागे? 122 पीएसपासून वर मल्टिलिंक, त्याखाली पुन्हा ट्विस्ट बीम. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही! त्याच पिढीच्या ऑक्टाव्हियात आपल्याकडेही 1.8 टीएसआयला मल्टिलिंक होता आणि 1.4 ला बीम. दोघींच्या किमतीतला फरक विचारताना ही गोष्ट फार कमी जणांनी विचारात घेतली.

आठवी, 2019. लांबी 4,284, म्हणजे पहिलीपेक्षा 58 सेंटिमीटर जास्त. मागचा नियम साधारण तोच, जोरदार गाडीला मल्टिलिंक, साध्या गाडीला बीम. इथे काटकसर वर आली, डॅशबोर्डवर. एसी आणि आवाजाच्या स्पर्शपट्ट्यांना दिवाच दिला नाही, रात्री चाचपडायचं. 2024 च्या बदलात दिवा आला आणि स्टिअरिंगवरची खरी बटणंही परतली.

एक चिठ्ठी आली आहे: जुन्या ऑक्टाव्हियाच्या मागच्या बीमचे बुश ॲक्सल न उतरवता बदलता येतात का? येतात. ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबल क्लिपांतून सोडवा, दोन्ही बाजूंचे मोठे बोल्ट काढून बीमचं पुढचं टोक खाली झुकवा, पुलरने बुश ओढून काढा. जुना बुश काढण्याआधी त्याच्या रबरातल्या पोकळ्या कोणत्या दिशेला आहेत ते ॲक्सलच्या हातावर पंच मारून खुणवा, कारण दिशा चुकली तर दुसऱ्या पिढीपासून आलेली ती सावरण्याची किमया उलटी चालते आणि गाडी ओल्या रस्त्यावर शेपूट हलवते. ब्रॅकेटही ॲक्सलच्या हाताशी आधी होता त्याच कोनात परत बसवा. आणि जोडी बदला, एकच बुश नाही.