आवाज नसलेली गाडी, दचकणारं शहर

(दृश्य: धुळे, आग्रा रोड, संध्याकाळ)

पाच कंदीलच्या गर्दीत डिझेलची गाडी मागून आली की माणूस न बघता बाजूला होतो. इलेक्ट्रिक कार ताशी दहा किलोमीटरने येते, तेव्हा कानाला काही कळत नाही. मोटर जवळजवळ मुकी, आणि या वेगात टायरचा आवाज बाजाराच्या गलक्यात बुडतो. मग ड्रायव्हर हॉर्न दाबतो. नियमानुसार हॉर्न ९३ ते ११२ डेसिबलचा. म्हातारं माणूस दचकतं, कधी कधी गाडीसमोरच सरकतं.

हे टाळायला, गाडी हळू चालताना आपोआप आवाज करणारी एव्हीएएस नावाची इशारा यंत्रणा असते. बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे एक जलरोधक स्पीकर असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानुसार गाडीच्या मध्यरेषेपासून २ मीटरवर ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, २० ला ५६, रिव्हर्सला ४७ आवाज लागतो. वेगाबरोबर सूरही चढायला हवा. गाडी वेग घेतेय की थांबतेय, हे त्यावरूनच कळतं. आवाजाचा एक भाग १६०० हर्ट्झच्या पट्ट्यात किंवा त्याखाली, म्हणजे फार उंच नसलेल्या सुरात, ठेवावा लागतो. हे फार मोलाचं आहे, कारण वयाबरोबर आधी उंच सूर ऐकू येईनासे होतात.

ताशी वीसच्या पुढे ही सक्ती नाही. तिथून टायरच बोलू लागतात.

(दृश्य: जळगाव, शहरातून जाणारा महामार्ग, रात्र)

म्हणूनच गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की महामार्गाकाठची घरं शांत झोपतील, ही आशा धरू नये. वेग दुप्पट झाला की टायरचा आवाज साधारण ९ डेसिबलने वाढतो. निवासी भागाची रात्रीची आवाजाची मर्यादा आहे ४५ डेसिबल. इथे गाडी बदलण्यापेक्षा वेग उतरवणं जास्त कामाचं. खरा फायदा गल्लीत आणि सिग्नलवर, जिथे इंजिनची घरघर थांबते.

एव्हीएएसचा हा नियम कार, बस, ट्रकसाठी आहे. ई-रिक्षा त्यात येत नाहीत, आणि आपल्या बाजारात त्याच जास्त फिरतात!

आपली गाडी तपासायची तर पहाटे मोकळ्या मैदानात न्या. एसी बंद ठेवा. खान्देशच्या उन्हाळ्यात त्याचा पंखा इशारा झाकून टाकतो. एकाने मार्गापासून दोन मीटरवर उभं राहावं, दुसऱ्याने ताशी दहाने गाडी न्यावी, मग रिव्हर्स घ्यावी. आवाज दबका आला तर स्पीकरच्या जाळीत धूळ-चिखल बसला असेल. अजिबातच नाही आला, आणि बंपरचं काम नुकतंच झालेलं असेल, तर आधी स्पीकरचा प्लग परत जोडलाय का ते मेकॅनिककडून बघून घ्या.