टेपचं दुसरं टोक

(नागपूरचा जुना महाल भाग. सकाळचे साडेसात. लोखंडी फाटकाची कडी वाजते.)

नागपुरात मे महिन्यात घरं मोजायची तर दहाच्या आत. त्यानंतर टिनाच्या छपराखाली उभं राहवत नाही. म्हणून या मॅडम साडेसातलाच गल्लीत शिरल्या आहेत. डोक्यावरून दुपट्टा घट्ट बांधलेला. खांद्याच्या पिशवीत टेप, लेझर मीटर, जुन्या नोंदींच्या प्रती, पाण्याची बाटली आणि ऊन लागू नये म्हणून एक कांदा.

कागदावर त्यांचं पद कर निरीक्षक, विभाग कर आकारणी व कर संकलन. गल्लीत त्या 'टॅक्सवाल्या मॅडम'.

"या जी. पण घर तर आजेसासऱ्यांच्या काळापासून तेवढंच आहे. काय मोजून राहिल्या तुम्ही?" दारातून काकू विचारतात.

मॅडम टेप उलगडतात आणि तिचं एक टोक काकूंच्या हातात देतात. "तुम्हीच धरा. आकडा तुमच्याच डोळ्यांनी पाहा."

(टेप ताणली जाते. भिंतीचा कोपरा, जुनं लाकडी दार.)

जुन्या नोंदीत हे घर 'निवासी' आहे. समोरच्या खोलीला मात्र आता शटर आहे. आत चार टेबलं, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या आणि सावजी मसाल्याचा सकाळीही न जाणारा वास. म्हणजे या खोलीचा वापर बदलला. माडीवर एक नवी खोली चढली आहे, तिथे शिकायला आलेली दोन मुलं भाड्यानं राहतात. दोन्ही गोष्टी वहीत येतात.

मग मॅडम मागच्या अंगणात जातात. नोंदीप्रमाणे तिथे मातीच्या भिंतीची छपरी आणि स्वयंपाकघर हवं. प्रत्यक्षात फक्त जोतं उरलं आहे. एका पावसाळ्यात भिंत बसली, ती पुन्हा उभी राहिलीच नाही. टॅक्स मात्र तिच्यासकट येत राहिला.

"हे तुम्ही कधी कळवलं नाही?"

"कोणाला सांगायचं असते, ते कुठं माहीत होतं जी?"

मॅडम त्या ओळीवर आडवी रेघ मारतात. या कामाकडे नीट पाहायचं तर इथे थांबायला हवं. टॅक्सवाला आला की वाढवूनच जाणार, हे आपण गृहीत धरलेलं असतं. पण चांगला करनिर्धारक जितक्या काळजीनं नवी खोली लिहितो, तितक्याच काळजीनं पडलेली भिंत खोडतो. शेजारच्या घराची सुटलेली माडी आणि या घराची न खोडलेली छपरी, या दोन्ही चुकांनी एकाच गल्लीतल्या दोन घरांमध्ये अन्याय उभा राहतो. तो मिटवणं हेच या कामाचं सार आहे, आणि आमच्या मते शहराच्या कारभारात याहून जबाबदारीची कामं फार थोडी आहेत.

(झोन कार्यालय. संगणकावर नोंद, शेजारी जाड वही.)

नागपूर शहराचे 10 झोन. लक्ष्मीनगर, धरमपेठ इकडे, सतरंजीपुरा, आशीनगर तिकडे. प्रत्येक झोनचा स्वभाव वेगळा. इतवारीत खाली दुकान आणि वर संसार. हुडकेश्वर-नरसाळ्याकडे कालचं शेत आज प्लॉट झालेलं, आणि मोकळ्या प्लॉटलाही कर असतोच.

नागपूरला 1864 साली नगरपालिका मिळाली, 1951 साली महानगरपालिका. इथली आकारणी कितीतरी वर्षं नागपूरच्या स्वतंत्र, 1948 च्या कायद्यानं चालायची. 2012 पासून राज्यातल्या इतर शहरांसारखा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू झाला. पुढच्याच वर्षी जकात गेली, नाके ओस पडले. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही टिकला नाही, 2017 मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकेच्या स्वतःच्या कमाईत घरटॅक्सचं वजन वाढलं, आणि त्याबरोबर या टेपचंही.

हिशेबाचा गाभा सोपा आहे. हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला रास्त किती मिळेल? ठिकाण, बांधकामाचा प्रकार, घराचं वय, क्षेत्रफळ, वापर, हे सगळं पाहून तो आकडा ठरतो. समजा महिन्याला 5,000 रुपये धरले, तर वर्षाचे 60,000. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. उरले 54,000. हे झालं करयोग्य मूल्य. सामान्य करापासून राज्य सरकारसाठी गोळा होणाऱ्या शिक्षण उपकरापर्यंत सगळं या आकड्यावर बसतं. पाया एक फूट चुकला की वरचं सगळं चुकतं.

म्हणून या खुर्चीत बसायला काय लागतं? कागदोपत्री फार काही नाही. नगरपरिषदांसाठी, म्हणजे इथून जवळच्या कामठी, उमरेड, काटोलसारख्या गावांसाठी, राज्याची 'कर निर्धारण व प्रशासकीय सेवा' आहे. तिला कोणत्याही शाखेची पदवी, एमएस-सीआयटीसारखं संगणकाचं प्रमाणपत्र आणि स्पर्धा परीक्षा लागते. महापालिकेत पायऱ्या वेगळ्या: कर संग्राहक, मग कर निरीक्षक, मग सहायक अधीक्षक. नोकरीत असताना बरेच जण एलएसजीडी, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराची पदविका करतात.

पण खरी पात्रता परीक्षेत येत नाही. नकाशा वाचता यावा. आखीव पत्रिका (सिटी सर्व्हेतला जागेचा उतारा), खरेदीखत आणि इंडेक्स-2 (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) समोर ठेवून कोणता कागद काय सांगतो ते कळावं. चहा नाकारताना समोरच्याचा मान राखता यावा. आणि पुढाऱ्याचा फोन आला तरी आकडा हलू नये.

(एक अनधिकृत ले-आउट. अरुंद रस्ता, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले कागद.)

शहराच्या कडेला, '572' आणि '1900' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत ले-आउटच्या समूहांमध्ये, या मॅडमना एक वाक्य रोज बोलावं लागतं. लोक टॅक्सची पावती देव्हाऱ्याजवळ जपतात. "आता घर आमच्या नावानं झालं ना, मॅडम?" नाही. पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. विनापरवाना बांधकामाला कर लागला म्हणून ते नियमित होत नाही, त्यासाठी आरएल लेटरची, म्हणजे नियमितीकरणाच्या पत्राची, वाट वेगळी आहे. समोरच्याचा चेहरा उतरतो, तरी हे खरं तिथल्या तिथे सांगावंच लागतं. घर विकलं की तीन महिन्यांत महापालिकेला कळवायचं, नाहीतर कराची जबाबदारी जुन्या मालकावर राहते, हेही त्या सांगतात. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, ते बहुतेकांना माहीत असतं.

(पहिला पाऊस. झोन कार्यालयाचा व्हरांडा, ओल्या छत्र्या.)

कराचा आकडा वाढला की घरी लेखी नोटीस जाते. हरकत घ्यायला किमान 15 दिवस असतात. या मुदतीला आम्ही आकारणीचं काळीज म्हणू. हरकत आली की तक्रारदाराला बोलावून, त्याच्यासमोर सुनावणी करून निर्णय द्यायचा असतो. तिथेही पटलं नाही तर न्यायालयात अपील आहे. पण अर्धी भांडणं या व्हरांड्यातच मिटू शकतात, जर कोणी ऐकून घेतलं तर.

महालातल्या काकू नोटीस घेऊन आल्या आहेत. मागची छपरी वगळलेली त्यांना दिसली. पण त्यांचं बोट माडीच्या खोलीवर आहे.

"हे तेरा फूट कुठून आले जी? मी टोक धरलं होतं तेव्हा तुम्ही बारा म्हणाल्या होत्या."

मॅडम वही काढतात. कच्च्या वहीत बारा फूट चार इंच. पक्क्या नोंदीत तेरा. कुणाच्या हातून चुकलं ते शोधत बसायला वेळ नाही आणि गरजही नाही. "उद्या येते," त्या म्हणतात.

(महालातलं तेच फाटक. पागोळ्या गळताहेत.)

मॅडम माडी चढतात. टेप पुन्हा भिंतीला लागते. पलीकडचं टोक काकूंनी न सांगता हातात घेतलेलं असतं.

"किती?"

"बारा, चार."

"लिहा."