आठवी पाकळी कोणती?

[दृश्य: रंकाळा पदपथ उद्यान, संध्याकाळ. कट्ट्यावर बसलेली पाच-सहा मुले, मधोमध पाने फुगलेले दोन जाडजूड खंड.]

रंकाळ्याच्या कट्ट्यावर पेठांच्या फुटबॉलपासून तळ्यातल्या जलपर्णीपर्यंत कशावरही वाद रंगू शकतो. या मुलांचा वाद मात्र सर्सी लॅनिस्टर नावाच्या राणीचा गळा शेवटी कोण आवळणार, यावर चालला आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा चौथा खंड 2005 साली आला. लहानपणी एका म्हातारीने सांगितलेले भविष्य या खंडात सर्सीला सतत छळत राहते: ती राणी होईल, परंतु तिच्याहून तरुण आणि सुंदर अशी दुसरी येऊन तिचे सर्वस्व हिरावून घेईल, तिची तिन्ही मुले तिच्या आधी जातील आणि अखेरीस धाकटा भाऊ तिचा गळा दाबील.

धाकटा भाऊ म्हणजे टिरियन, हे सर्सीने जन्मभर गृहीत धरलेले आहे. वाचकांच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकते, कारण तिचा जुळा भाऊ जेमी तिच्या पाठोपाठ, तिचा पाय धरून जन्माला आला होता आणि म्हणून तोही धाकटाच ठरतो. काहींना तेवढ्यावर समाधान नाही. “अरे भावा, ‘तुझा’ भाऊ असं म्हातारी म्हणालीच कुठं?” असा सवाल कट्ट्यावरून येतो आणि सँडर क्लिगेनसारखा, दुसऱ्याच घरातला धाकटा भाऊही संशयितांच्या रांगेत येऊन उभा राहतो.

[दृश्य: मंदिरातील कीर्तन, टाळ आणि चिपळ्या.]

भविष्यवाणीच्या शब्दांत अशी फट शोधण्याची हौस आपल्याला नवी नाही. देवकीचा आठवा गर्भ तुझा काळ ठरेल, एवढेच आकाशवाणीने कंसाला सांगितले होते. कीर्तनकार पुढचा प्रसंग रंगवून सांगतात. नारद कंसापुढे आठ पाकळ्यांचे कमळ धरतात आणि यातली आठवी पाकळी कोणती, असे विचारतात. मोजणी कोठून सुरू करावी, यावर ते अवलंबून असल्यामुळे कोणतीही पाकळी आठवी ठरू शकते, हे कंसाच्या ध्यानात येते आणि त्याचा धीर सुटतो. हल्लीच्या भाषेत बोलायचे, तर नारदांनी कंसाच्या डोक्यात एक फॅन थिअरी, म्हणजे चाहते कथेविषयी लढवतात तसा तर्क, सोडून दिली आणि ती चुकीची असूनही सहा बालकांच्या जिवावर बेतली.

[दृश्य: रंकाळ्याचा नंदी, जवळून.]

कोल्हापूरकरांचे स्वतःचे भाकीतही याच तळ्याशी जोडलेले आहे. रंकाळ्याचा नंदी गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, तो तळ्याला पोहोचला की प्रलय होणार, अशी लोकसमजूत आहे. कट्ट्यावरच्या एका मुलीने यावर अगदी गंभीर चेहऱ्याने आक्षेप घेतला आहे: तांदूळ कोणता धरायचा? आजऱ्याचा घनसाळ धरला, तर दाणा आखूड असल्यामुळे नंदी हळूहळू पुढे येत आहे. लांब दाण्याचा बासमती धरला, तर तो तळ्यापासून दूरच चालला आहे आणि प्रलयाची काळजी मिटली. थट्टेचा भाग सोडला, तरी चांगली थिअरी अशीच असते, कारण तिने मूळ भाकितातला एकही शब्द वाकवलेला नाही, सांगणाऱ्याने मोकळी ठेवलेली जागा तेवढी दाखवून दिली आहे.

तरीही ‘तो कोण?’ या एकाच प्रश्नावर सारी शक्ती खर्च करणाऱ्या थिअरी, त्या कितीही हुशारीच्या असल्या, तरी कथेच्या अर्ध्यावरच थांबतात. भाकीत कोणी ऐकले, त्यातले किती ऐकले आणि ऐकल्यावर त्याने काय केले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या हॅरी पॉटरच्या पाचव्या भागात हे लख्ख दिसते. जुलै सरताना जन्मणारा आणि ज्याच्या आईवडिलांनी खलनायक व्होल्डेमॉर्टला तीनदा आव्हान दिले आहे असा मुलगा, हे वर्णन हॅरीचा वर्गमित्र असलेल्या 30 जुलैच्या नेव्हिललाही लागू पडते आणि 31 जुलैच्या हॅरीलाही. खलनायक स्वतःच या मुलावर आपल्या बरोबरीचा म्हणून खूण उमटवील, हा उत्तरार्ध व्होल्डेमॉर्टच्या कानावर गेलेलाच नसतो. अर्धवट माहितीवर तो हॅरीच्या घरावर चालून जातो आणि त्याच हल्ल्यात ती खूण उमटते. खरा नायक नेव्हिलच, असे मानणारे वाचक 2007 पर्यंत हटून बसले होते. शेवटच्या भागात व्होल्डेमॉर्टच्या नागिणीचे मुंडके नेव्हिलनेच उडवले, तेव्हा त्यांचा हट्ट अगदीच वाया गेला, असेही म्हणता येत नाही.

[दृश्य: पुन्हा कट्टा. चौथ्या खंडाची दुमडलेली पाने.]

हीच कसोटी सर्सीला लावली, तर चित्र पालटते. आपली जागा घेणारी ती दुसरी राणी म्हणजे सून मार्जरीच, या धास्तीने ती तिच्याविरुद्ध कुभांड रचते. त्याआधी राजगादीवरचे कर्ज माफ व्हावे म्हणून तिने धर्मपीठाला शस्त्रे बाळगण्याची मुभा दिलेली असते आणि तेच सशस्त्र धर्मपीठ अखेरीस तिला कोठडीत टाकते. दुसरी राणी नेमकी कोण, हे पुस्तकात अजून ठरलेले नाही, पण सर्सीचा ऱ्हास मात्र तिच्याच हातून सुरू झालेला आहे.

या कादंबऱ्यांवरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने 2015 साली म्हातारीचा प्रसंग दाखवताना धाकट्या भावाचा उल्लेखच वगळला आणि 2019 साली सर्सीला जेमीच्या मिठीत, कोसळत्या दगडांखाली मारले. यातही भाकीत बसवून दाखवणारे निघालेच, पण तो ओढूनताणून केलेला प्रकार आहे. पुस्तकात तिने कोठडीतून मदतीसाठी पाठवलेले पत्र जेमी आगीत टाकायला सांगतो, आणि 2011 च्या पाचव्या खंडात तो ब्रिएन या स्त्री-योद्ध्याबरोबर भलत्याच दिशेला निघून जातो. जेमीच गळा दाबणार, असे म्हणणाऱ्यांना ते जळालेले पत्र हा पुरावा वाटतो. विरुद्ध बाजूचे विचारतात, जो तिच्याकडे परत यायलाच तयार नाही, त्याचे हात तिच्या गळ्यापर्यंत पोहोचायचे कसे?