टोमणे खरे किती? बुलेटवाले काका, केटीएमवालं शेंडेफळ आणि बेरजेचा खेळ

[गाडीच्या सीटला टेकून, हातात चहा. मागे उजाडतंय.]

नमस्कार मंडळी. रविवारी पहाटे साडेपाचला पुण्याच्या चांदणी चौकात आमच्या पंधरा-वीस गाड्या जमतात. जमल्या जमल्या पहिलं काम काय होतं माहितीये? टायरची हवा बघणं नाही, पेट्रोल बघणं नाही. कोणीतरी कोणाच्या तरी गाडीवर घसरतं. "आली का रे तुझी शिलाई मशीन?" "काका, ट्रॅक्टर शेतातच ठेवायचा ना, हायवेला कशाला आणला?" मग दुसरी फेरी वयावर. "काका, सकाळच्या गोळ्या घेतल्यात ना?" "हो रे बाळा, तू आईला विचारून आलास ना?" एवढं झालं की सेल्फ मारायचे आणि निघायचं.

आज हेच टोमणे सोलून बघायचेत. कारण त्यातले बरेचसे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतात. मारणाऱ्याला ते माहीत नसतं एवढंच.

आधी पात्रपरिचय. काका, वय ६७. त्यांची बुलेट ३८ वर्षांची, लोखंडी इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली. शेंडेफळ, वय २४. मोठ्या भावाने वापरून दिलेली केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, ५ वर्षांची. मी ४६, माझी रॉयल एनफिल्डचीच, पहिल्या पिढीची हिमालयन, ९ वर्षांची. म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारी मी. काकांना माझी गाडी "बुलेटच्या घरातली पण वळण नसलेली" वाटते आणि शेंडेफळ म्हणतं, "ताई, चांगली आहे, फक्त चालत नाही."

आणि आमचा एक नियम आहे, बेरजेचा. चालवणाऱ्याचं वय अधिक गाडीचं वय. ज्याची बेरीज सगळ्यात मोठी, त्याने मिसळीचे पैसे द्यायचे नाहीत. काका १०५. मी ५५. शेंडेफळ २९. गेली कित्येक वर्षं काकांनी मिसळीला खिशात हात घातलेला नाही.

हा खेळ आमच्या डोक्यातून आला खरा, पण आरटीओच्या डोक्यात तो आधीपासून आहे. बघा हं. आपल्या दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. त्यानंतर गाडी नेऊन दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढे ५-५ वर्षांची मुदत मिळते. आता माणूस. चाळिशी ओलांडली की लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. आणि पंचावन्नच्या पुढे लायसन्स मिळतं ते ५-५ वर्षांचंच. म्हणजे सरकारच्या लेखी १५ वर्षांची मोटारसायकल आणि ५५ वर्षांचा माणूस एकाच बाकावर. काकांनी तर एकदा एकाच महिन्यात स्वतःचं आणि गाडीचं असं दोघांचं नूतनीकरण करून आणलं. "दोघंही पास," असं ग्रुपवर टाकलं, सोबत दोघांचा फोटो. शेंडेफळाने विचारलं, "धूर कोणाचा जास्त निघाला?"

[कट. दोन इंजिनांचे क्लोजअप शेजारी शेजारी.]

आता मुख्य खटला. ट्रॅक्टर, म्हणजे बुलेट, विरुद्ध शिलाई मशीन, म्हणजे केटीएम.

जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. उभट डबा. शेंडेफळाच्या केटीएमचं बरोबर उलटं. व्यास ८९, स्ट्रोक फक्त ६०. पसरट डबा. बुलेटचा पिस्टन लांब ढांग टाकतो, त्याला जड फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाला फिरतं ठेवणाऱ्या चाकाची साथ, म्हणून इंजिन सावकाश फिरतं आणि एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. ज्याला आपण "फायरिंग" म्हणतो ते हेच. घाटात कमी वेगातही गाडी ओढून नेते. ट्रॅक्टरला आपण याचसाठी तर पैसे देतो! तर ट्रॅक्टर म्हणणं हा आरोप नाही, वर्णन आहे.

केटीएमचं इंजिन जोर काढतं ते वर, ९,००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या आसपास. तिथे त्यातून ४३ बीएचपी, म्हणजे अश्वशक्ती, निघतात. जुन्या बुलेटचे १८, तेही साधारण ५,६०० आरपीएमला. अडीच पटीने कमी. इथे शेंडेफळ टेबलावर मूठ आपटतं.

थांबा जरा, एक गंमत दाखवते. कागद घ्या. बुलेटचा पिस्टन एका फेऱ्यात ९० वर आणि ९० खाली जातो, एकूण १८० मिलिमीटर. गुणिले ५,६००. मिनिटाला साधारण एक किलोमीटर. केटीएमचा ६० वर, ६० खाली, १२०. गुणिले ९,०००. मिनिटाला एक किलोमीटर आणि ८० मीटर. म्हणजे दोन्ही पिस्टन आपापल्या सिलिंडरमध्ये जवळपास एकाच वेगाने धावतात, ताशी ६० ते ६५ किलोमीटरने! आजोबा आणि नातू पर्वतीच्या पायऱ्या एकदमच चढतायत, आजोबा दोन-दोन पायऱ्या घेतात आणि नातू एकेक पायरी टपाटप. हे गणित मी मिसळीच्या टेबलावर पेपर नॅपकिनवर करून दाखवलं तेव्हा दोघंही गप्प झाले. दोन मिनिटं. आमच्या ग्रुपमधला तो विक्रम आहे.

[कट. बुलेटचा हेडलाइट, अ‍ॅमीटरचा काटा.]

काकांची किक तुम्हाला जवळून दाखवायचीये. चावी फिरवली की हा अ‍ॅमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणारा, काटा वजाकडे झुकतो. डाव्या मुठीखाली हा छोटा लिव्हर, डिकॉम्प्रेसर. तो दाबला की इंजिनातला दाब सुटतो. आता किक हळूहळू, अगदी दूध ओतल्यासारखी खाली ढकलायची आणि काट्याकडे बघत राहायचं. काटा मध्यावर आला? थांबा. लिव्हर सोडा. किक परत वर घ्या. आणि आता एकच, पूर्ण, शेवटपर्यंत. चालू.

काट्याकडे न बघता नुसत्या जोराने मारलीत तर किक उलटी येते आणि नडगीवर आपली सही करून जाते. शेंडेफळाच्या उजव्या नडगीवर ती सही आहे. जिमला जाणारा मुलगा, दंड बघाल तर असे, त्याने सात किका मारल्या आणि घामाने निथळला. काका पुढे आले, काटा बघितला, एका पायावर नुसते उभे राहिल्यासारखे राहिले आणि गाडी सुरू. "जोर नको रे, वेळ कळायला हवी," म्हणाले, आणि हातातला चहा खाली ठेवला नव्हता. त्याच दिवशी गाड्यांची अदलाबदलही झाली. शेंडेफळ जेमतेम दोनशे मीटर गेलं असेल, समोर म्हैस आली आणि त्याने सवयीने उजवा पाय दाबला. त्या गाडीत उजव्या पायात ब्रेक नाही, गिअर. ब्रेक डावीकडे. म्हैस शहाणी, तीच बाजूला झाली. इकडे काका केटीएमवर चढले. सीटची उंची ८५५ मिलिमीटर. पाय टेकेनात. निघाले मोठ्या झोकात, पण परत आल्यावर थांबायचं कसं हे न कळून दोन चकरा जास्त मारल्या. तिसऱ्या चकरेला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. घोड्यावरून नवरदेव उतरवतात तसं.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर इथे मी थट्टा बाजूला ठेवते. पोरं काकांना म्हणतात, "तुमची गाडी थांबत नाही, थांबायचा विचार करते." हे खरं आहे आणि हसण्यावारी न्यायचं नाही. पुढे ड्रम ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, आणि एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, प्रश्नच नाही. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं २०१९च्या एप्रिलपासून. पावसाळ्यात आंबोली उतरताना धुक्यातून अचानक ट्रकचे मागचे लाल दिवे दिसतात, तेव्हा डिस्क आणि एबीएसवाला माणूस ब्रेक दाबतो. काकांना ते तीस सेकंद आधी ठरवावं लागतं. म्हणून ते पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतात आणि ओला रस्ता लागला की इंजिनावरच गाडी उतरवतात. त्यांना हे जमतं, कारण ३८ वर्षं तीच गाडी आहे. पण जुनी गाडी नव्याने घेऊन थेट घाटात घालणाऱ्या मुलांना माझं हात जोडून सांगणं आहे, आधी महिनाभर गल्लीत थांबायला शिका.

वेगाचं मात्र फार मनावर घेऊ नका. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर दुचाकीला कमाल वेग ८०. पुणे ते कोल्हापूर साधारण २३५ किलोमीटर धरा. ८०ने गेलात तर दोन तास ५६ मिनिटं, काका ७५ने गेले तर तीन तास आठ. फरक १२ मिनिटांचा. म्हणजे कराडचा एक चहा. "ताई, आम्ही ८०ने जात नाही," असं शेंडेफळ म्हणतं. ते मला माहितीये, आणि त्याच्या घरी येणाऱ्या ई-चलनांनाही माहितीये.

बरं, कंपन्या या चेष्टेपासून लांब आहेत असं समजू नका. २०१७मध्ये बजाजने आपल्या डॉमिनार मोटारसायकलच्या जाहिरातीत हेल्मेट घातलेल्या रायडर्सना चक्क हत्तींवर बसवलं होतं, हत्ती पाळणं सोडा म्हणून. बुलेटचं नाव कुठेही घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. आमच्या ग्रुपमधल्या डॉमिनारवाल्याने ती जाहिरात काकांना रोज पाठवली, महिनाभर. काकांनी एकदाच उत्तर दिलं: "हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा." आणि जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला आज काय भाव मागतात ते बघितलंत तर काका चुकले नाहीत.

शेंडेफळाचं ठेवणीतलं हत्यार म्हणजे स्वाभिमान. "काका, माझी गाडी आपल्या चाकणला बनते. तुमची मद्रासची." यावर काका शांतपणे, "चाकणचा कांदा घ्यावा रे. चांगला असतो."

[कट. लेहचे फोटो.]

दोघांचीही जिरली ती लडाखला. खारदुंग ला ही खिंड. तिथल्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात उंची १७,५८२ फुटांच्या आसपास. तरी काही कमी नाही, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. काकांच्या गाडीला कार्बोरेटर. हवा विरळ झाली हे त्याला कळत नाही, तो आपला पुण्यातल्या मापानेच पेट्रोल सोडतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग काळा, गाडी खोकायला लागली. केटीएमला फ्युएल इंजेक्शन, सेन्सर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल आपोआप कमी करतो. ताकद तिचीही कमी झाली, पण खोकला नाही. शेंडेफळ गाडीवर उभं राहून काकांचा व्हिडिओ काढत होतं.

संध्याकाळी फासे पलटले. लेहला उतरल्यावर दोन दिवस आराम करायचा असतो. काकांनी तो केला, पुस्तक वाचत लोळले. शेंडेफळ पहिल्याच दिवशी पुशअप्स मारत होतं. उंचीवरच्या विरळ हवेचा आजार वय बघत नाही आणि दंडही बघत नाही, पळायची सवय असलेल्या धडधाकट माणसालाही तो गाठतो. पोराचं डोकं असं धरलं की उलट्या सुरू. खाली आणलं, डॉक्टरकडे नेलं, ऑक्सिजन लावला. रात्रभर उशाशी काका. सकाळी ते डोळे उघडतंय तोवर यांनी विचारलं, "कार्बोरेटर साफ करू का?"

[परत चहा. आता ऊन आलंय.]

आता ताजी बातमी, आणि त्यावरून सध्या ग्रुपमध्ये युद्ध चालू आहे. काकांचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरने किक बंद केली, आणि बुलेटची किक उजव्याच पायाची. काकांनी बुलेट घरी झाकून ठेवली आणि सेल्फ स्टार्टवाली नवीकोरी ३५० घेतली. म्हणजे बेरीज? ६७ अधिक शून्य.

इकडे शेंडेफळाने काय करावं? फुकटच्या मिसळीसाठी, हो, मला दुसरं कारण दिसत नाही, कुठूनतरी ४१ वर्षांची येझदी उचलून आणली. दोन सायलेन्सर, ऑइलचा धूर, आणि जिची किकच खाली पाडून गिअरची दांडी होते ती. २४ अधिक ४१, ६५. दोनने हरलं.

गेल्या रविवारी मिसळ येईपर्यंत दोघं भांडत होते. काका म्हणाले, तुझ्या येझदीचा पिस्टन नवा, क्रँक नवा, वायरिंग नवं, मग ४१ वर्षं कशाची मोजतोस? नंबरप्लेटची? शेंडेफळाने तर्री ओतून घेतली, पावाचा तुकडा बुडवला आणि म्हणालं, "ठीक आहे काका, नवे पार्ट वजा करू. मग तुमचा गुडघा पण वजा. तो सहा महिन्यांचा आहे."

प्रकरण अजून कोर्टात आहे. बिल मी भरलं.