आमचं तळं कुठलं?

मंडळी, नमस्कार.

मागच्या आठवड्यात लेक टेबलावर कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, गिरवत बसली होती. इथे जपानच्या शाळेत पहिलीत आहे, पहिलीच्या वर्षाला ८० कांजी. इथल्या वहीचा एकेक चौकोन तुटक रेघांनी चार भागांत वाटलेला असतो, तुम्ही पाहिलाच आहे. त्या रेघांवरून पेन्सिल फिरवली की झालं ‘ता’, म्हणजे भाताचं खाचर. चार खाचरं, मध्ये बांध. पुढे ‘नाका’, म्हणजे मध्ये, लिहून म्हणाली, “बाबा, हा माझ्या बाकाशेजारचा तानाका. खाचरांच्या मधला.” मग आणखी आडनावं: कोबायाशी, लहानसं रान. यामागुची, डोंगराचं तोंड. सगळी पहिलीचीच अक्षरं!

“आणि आपण कुठले?”

तळेकर. तळ्याकाठचे, मी म्हटलं. तिनं काताकानात, म्हणजे परक्या नावांसाठीच्या उच्चारलिपीत, लिहिलं: ता-रे-का-रु. बराच वेळ बघत राहिली. “ह्यात पाणी कुठंय?”

काय सांगणार? आपला ‘ळ’ त्या लिपीत मावत नाही, आणि ‘ळ’ गेला की तळंच गेलं.

इथल्या सामान्य माणसाला आडनाव लावायची मुभा मिळाली १८७० साली. सैन्यभरतीला नोंदी हव्या होत्या, म्हणून १८७५च्या फेब्रुवारीत सक्ती झाली. सगळीच आडनावं तेव्हा घडली असं नाही. कित्येक शेतकऱ्यांकडे ती आधीपासून होती, फक्त सरकारदरबारी लिहायची सोय नव्हती. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांतल्या अनेकांनी दारासमोरचं खाचर, ओढा, डोंगर तेवढा उचलला. आज तोक्योत दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या तानाकाच्या दारावरही ते खाचर लिहिलेलं असतं.

आपल्याकडे काय कमी आहे? डोंगरे आहेत, तळेकर आहेत. पण रागावू नका, नवीन कुटुंब मंडळात आलं की आडनाव ऐकून आपण पहिल्यांदा काय ओळखू पाहतो? कोकणस्थ की देशस्थ, आपल्यातले की नाही. गाव कुठलं, नदी कुठली, हे कितीजण विचारतो? मीही विचारत नव्हतो. मुलं हे सगळं ऐकत असतात.

तिला मी इकेदा हे आडनाव दाखवलं. ‘इके’ म्हणजे तळं, ते कांजी दुसरीत येतं. तिनं आत्ताच गिरवायला घेतलंय.

काल झोपताना पुन्हा तेच. “बाबा, आपलं तळं कुठलं?” उद्या आजोबांना फोन करू, म्हटलं. आजोबांनाही माहीत नाही. मी आधीच विचारलंय.