नव्वद मिनिटांचा उजेड

या दारावरची, बाहेर पडायची वाट दाखवणारी पाटी पाहा. हिरव्या रंगावर दाराची पांढरी चौकट आणि तिच्यातून धावत निघालेला माणूस. रोज शेकडो लोक तिच्याखालून ये-जा करतात, पण मान वर करून कोणी बघत नाही. तिचं काम सुरू होतं ते वीज गेल्यावर.

28 नोव्हेंबर 1942. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह हा नाइटक्लब खचाखच भरला होता. आग लागली आणि काही मिनिटांत 492 जणांचा जीव घेऊन गेली. लोक आले होते त्याच फिरत्या दाराकडे धावले. दोन्ही बाजूंनी रेटा आला आणि दार अडकलं. बाकीच्या दारांपैकी काहींना कुलूप होतं, काही आतल्या बाजूला उघडत होती. त्यानंतर अमेरिकेत बाहेर पडण्याच्या वाटा, पाट्या आणि आपत्कालीन दिव्यांचे नियम कडक झाले. कुलूपबंद दाराकडे बोट दाखवणारी पाटी, पाटी नसण्यापेक्षाही वाईट.

हा धावणारा माणूस जपानमधला. 1972 मध्ये ओसाकातल्या एका इमारतीच्या आगीत 118 माणसं गेली. त्याच दशकात तिथे वाचावं न लागणाऱ्या चिन्हाचा शोध सुरू झाला आणि डिझायनर युकिओ ओता यांचं चित्र निवडलं गेलं. आज ते जगभर दिसतं. अमेरिकेत मात्र लाल अक्षरांच्या पाट्या अजूनही सर्रास आहेत. मला हिरवाच पटतो: मंद उजेडात डोळ्याला लाल लवकर काळपट दिसू लागतो, हिरवा टिकून राहतो.

पाटी किती मोठी हवी? युरोपच्या मानकात हिशेब सरळ आहे. आतून उजळणारी पाटी तिच्या उंचीच्या 200 पट अंतरावरून ओळखू यावी. म्हणजे 15 सेंटिमीटरची पाटी 30 मीटरवरून. तिच्यावर बाहेरून उजेड पडत असेल, तर हे अंतर निम्मं.

नुसती पाटी दिसून भागत नाही, पायाखालची पायरीही दिसायला हवी. वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीवर, किमान 1 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड. पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही पट, एवढाच. पण लख्ख खोलीतून आलेले डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात, म्हणून निम्मा उजेड 5 सेकंदांत आणि पूर्ण उजेड मिनिटभरात यावा लागतो.

आणि धूर? तो आधी छताशी साचतो, म्हणजे दारावरची पाटीच सगळ्यात आधी गिळतो. न्यू यॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 1993 च्या स्फोटानंतर जिन्यांना अंधारात चमकणारा रंग दिला होता. 2001 च्या हल्ल्यावेळी लोक त्याच खुणांच्या आधारे खाली उतरले. 2004 च्या कायद्याने त्या शहरातल्या उंच कार्यालयीन इमारतींत अशा खुणा सक्तीच्या झाल्या.

आता पाटीच्या खालच्या कडेला या. इथे एक बारीक दिवा आहे आणि शेजारी बोटाच्या टोकाएवढं बटण. ते दाबलं की वीजपुरवठा तुटतो आणि पाटी बॅटरीवर जाते. अमेरिकी नियमानुसार ही चाचणी महिन्यातून एकदा 30 सेकंद, वर्षातून एकदा सलग 90 मिनिटं. महिन्याच्या चाचणीत थकलेली बॅटरीही तग धरते. खरं कळतं ते वर्षाच्या चाचणीत. कोणीतरी घड्याळ लावून जिन्यात थांबतं. चाळिसाव्या मिनिटाला वळणावरचा एक दिवा पिवळट होतो आणि विझतो. त्याचा मजला वहीत लिहायचा, बॅटरी बदलायची, ती पूर्ण चार्ज झाली की पुन्हा घड्याळ लावायचं.